पार्टीत बोलणारा कुणीच नाही, गेम दर वेळी वेशीवरच अडकतोय: काय करायचं

हे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या खेळाविषयी आहे, त्यात प्रत्येक प्लेअर एक कॅरेक्टर घेतो, त्या कॅरेक्टरांची टोळी म्हणजे पार्टी, आणि बाकी सगळं जग डंजन मास्टर म्हणजे डीएम चालवतो. लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. पार्टी गावाच्या वेशीवर येते, पहारेकरी आडवा होतो, सगळे प्लेअर एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, शेवटी कुणीतरी एकजण म्हणतो "मी पर्सुएशन करतो", म्हणजे बोलून मन वळवतो, डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर, ६ पडतो, त्यातनं एक वजा, डीएम म्हणतो "तो नाही म्हणतोय", आणि मग टेबलावर जी शांतता पसरते त्या शांततेत बार्बेरियन म्हणजे रांगडा लढवय्या घेतलेला कुऱ्हाड काढतो. पाच मिनिटांत पहारेकरी मेला, पार्टी गुन्हेगार झाली, आणि डीएमनं आठवडाभर बसून तयार केलेलं गाव तसंच वहीत राहिलं. पुढच्या सेशनला हेच बाजारात होतंय, त्याच्या पुढच्याला सरदाराच्या वाड्यात. हळूहळू प्लेअर माणसं दिसली की वाट बदलायला लागतात, "आम्ही गावात जात नाही, जंगलातनं जातो" म्हणतात, आणि अर्धा गेम संपतो तिथंच.

असं का होतं याचं एक कारण कॅरेक्टर शीटवरच, म्हणजे कॅरेक्टरचे आकडे लिहायच्या कागदावरच आहे. स्टँडर्ड अ‍ॅरेमध्ये १५, १४, १३, १२, १०, ८ असे आकडे असतात, ते कॅरेक्टरच्या सहा गुणांना म्हणजे अ‍ॅबिलिटींना वाटायचे, त्यातला ८ कुठंतरी टाकायलाच लागतो, आणि बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, पॅलाडिन हे चार क्लास (कॅरेक्टरचे प्रकार) सोडले तर बाकी कुणाला करिझ्माची, म्हणजे बोलून छाप पाडायच्या गुणाची, थेट गरज नसते. त्यामुळं बार्बेरियन, रेंजर (रानातला शिकारी), मंक (नुसत्या हातांनी लढणारा साधू), ड्रुइड (निसर्गाची जादू जाणणारा) अशी पार्टी जमली की चौघांचा ८ करिझ्मावरच जाऊन बसतो. मी कोल्हापुरात ज्या टेबलांवर बसलोय तिथं तर हे हमखास, कारण पहिलं कॅरेक्टर करताना पोरांना पैलवान पाहिजे असतो, तलवार पाहिजे असते, गोड बोलणारा गवई सहसा कुणी मागत नाही. आणि त्यात चूक काहीच नाही. प्लेअरला जे व्हायचंय ते त्यानं व्हावं, त्याला जबरदस्तीनं बार्ड करायला लावणं हा उपाय नाही, तो विषयच डोक्यातनं काढा. दुरुस्ती डीएमच्या बाजूनं करायची आहे.

आता गणित बघा, कारण बऱ्याच जणांनी हे आकडे मांडून बघितलेलेच नसतात. करिझ्मा ८ म्हणजे मॉडिफायर, डाइसच्या आकड्यात मिळवायचा आकडा, वजा १. मध्यम अवघड म्हणून डीएम सवयीनं डीसी, म्हणजे रोलनं गाठायचा आकडा, १५ लावतो. म्हणजे डाइसवर १६ किंवा वर पाहिजे, शक्यता २५ टक्के. करिझ्मा १६ असलेला आणि पर्सुएशन शिकलेला पहिल्या लेव्हलचा बार्ड असला तर अधिक ५, त्याला १० किंवा वर लागतो, ५५ टक्के. फरक मोठा आहे, पण खरा घोळ याच्या पुढं आहे. एकाच वेशीवर डीएम तीन तीन रोल मागतो, आधी पहारेकऱ्यासाठी, मग त्याच्या हवालदारासाठी, मग शस्त्रं आत न्यायची का त्यासाठी. तिन्ही जमायलाच पाहिजेत असं असेल तर आपल्या पार्टीची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास येते, आणि त्या बार्डची सुद्धा जेमतेम १७ टक्के! म्हणजे बार्ड आणून पण तुमची वेस उघडली नसती. म्हणून सगळ्यात आधी तपासायचं ते हे की एका कामासाठी तुम्ही किती वेळा डाइस टाकायला लावताय. एक काम, एक रोल, आणि तो पण लागणारच असेल तर.

लागणारच असेल तर, हे मी मुद्दाम म्हणतोय. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक छोटा तक्ता आहे जो बरेच डीएम वाचतच नाहीत. त्यात समोरच्या माणसाची वृत्ती तीन प्रकारची धरली आहे, आपला, तटस्थ आणि विरोधी. आपला असलेला माणूस, त्याला धोका नसेल असं काम रोल न करताच करतो, डीसी शून्य. थोडा धोका असेल तर डीसी १०, मोठा धोका किंवा त्याग असेल तर २०. तटस्थ माणूस धोका नसलेलं काम डीसी १० वर करतो, थोडा धोका असेल तर २०. विरोधी असला तर धोका नसलेल्या कामालाच २० लागतो. हे नीट बघितलं की लक्षात येतं की करिझ्मा ८ आणि १६ मधल्या फरकापेक्षा तटस्थाचा आपला होणं हा फरक मोठा आहे. आणि माणूस आपला होतो तो दर वेळी गोड बोलण्यानंच होतो असं थोडीच आहे? आपल्याकडं तर नाहीच.

एक सीन सांगतो, जसाच्या तसा वापरा. पार्टीला कळून घ्यायचंय की रात्री जुन्या गडाकडं बैलगाडी कुणाची गेली. हे माहिती आहे गुऱ्हाळाच्या मालकाला, कारण गुऱ्हाळ रात्रभर चालू असतं आणि रस्ता समोरनंच जातो. पार्टी पोचते तेव्हा आदण उतरायला आलंय, गुळव्या ओरडतोय की आता काहील (रसाची मोठी कढई) हलवली नाही तर गूळ करपला, आणि एक गडी तापानं आडवा पडलाय. मालक पाहुण्यांकडं बघायला सुद्धा तयार नाही. इथं जो डीएम पर्सुएशन मागेल तो सीन मारेल. बार्बेरियननं नुसतं म्हणू दे, "सरका, मी धरतो एक बाजू." स्ट्रेंग्थ अ‍ॅथलेटिक्सचा रोल घ्या, आणि तो फसला तरी हाताला चटका बसून थोडे हिट पॉइंट (जिवाचे आकडे) जाऊ देत पण काहील गूळ ओतायच्या वाफ्यात रिकामी होऊ दे. आता तो मालक आपला झाला. गार रसाचा तांब्या हातात देऊन तोच विचारेल, काय काम काढलंत म्हणून. बैलगाडी कुणाची हे सांगण्यात त्याला धोका नसेल तर रोलच नाही, आणि ती गाडी गावच्या पाटलाची असेल तर थोडा धोका आला, तिथं डीसी १०. वजा १ असला तरी ५० टक्के, कुणी शेजारून मदत केली आणि अ‍ॅडव्हान्टेज मिळाला, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा आकडा घेतला, तर ७५. पार्टीत बोलणारा अजूनही कुणी नाहीये बघा, पण काम झालं.

म्हणून प्रत्येक एनपीसीच्या, म्हणजे डीएम चालवतो त्या माणसाच्या, नावापुढं वहीत एकच ओळ लिहून ठेवा, याला आत्ता या घडीला काय पाहिजे. त्याचा सगळा जन्म इतिहास नको, फक्त आत्ताचं. पहारेकऱ्याला झोप पाहिजे, कारण तीन रात्री लांडगे कुंपणापर्यंत येतायत आणि बदली आलेली नाही. मग रेंजर खाली वाकून पावलं बघतो आणि सांगतो की हे लांडगे नाहीत, कुणीतरी पाळलेली कुत्री सोडतंय. इथं रोल विजडम सर्व्हायव्हलचा, रानातल्या जाणतेपणाचा. ड्रुइडला त्या जनावरांशीच बोलता येतंय. मंक म्हणतो मी रात्रभर जागा राहतो, तुम्ही झोपा. तिघांपैकी कुणालाच करिझ्मा लागली नाही आणि तिघंही आपल्या क्लासप्रमाणंच वागले. हे जमायला लागलं की प्लेअर आपणहून विचारायला लागतात, "त्याला काय अडचण आहे ते मला ओळखता येईल का?" त्यासाठी इनसाइट म्हणजे माणूस ओळखायचं कौशल्य आहे आणि इनसाइट विजडमवर चालतं, म्हणजे रेंजर ड्रुइड मंकच्या तिथं चांगलंच असणार. ज्या पार्टीकडं बोलणं नाही तिच्याकडं बघणं असतंच, ते वापरायला द्या त्यांना.

कौशल्याला दुसरी अ‍ॅबिलिटी लावायचं स्वातंत्र्य पण २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये पर्यायी नियम म्हणून दिलेलं आहे, आणि तिथं उदाहरणच आहे की ताकद दाखवून धमकावलं तर इंटिमिडेशनला स्ट्रेंग्थ लावा. हे बहुतेकांना ऐकून माहिती असतं पण ते तिथंच थांबतात, आणि मग पार्टीची एकच भाषा होते, दम देणे. त्याला माझा विरोध आहे. दम दिला की समोरचा काम करतो पण पाठ फिरली की चार माणसांना सांगतो, आणि पुढची वेस आधीच बंद झालेली असते, तसं ते खेळात दाखवाच. अंगातल्या बळानं मान मिळतो तो वेगळा. कोल्हापुरातलं खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभं राहिलं, तिथं चांगली निकाली कुस्ती मारणाऱ्या पैलवानाला कुणी भाषण करायला सांगत नाही, फेटा बांधतात आणि लोक त्याच्यासाठी वाट करून देतात. तुमच्या काल्पनिक गावात पण एक तालीम टाका की! सरदाराच्या वाड्यात शिरायला मिळत नसेल तर सरदाराच्या पैलवानाबरोबर कुस्ती ठेवा. हरला तरी चालतंय, जिद्दीनं लढून हरलेल्याला सुद्धा वाड्यात जेवायला बोलावतात, तेवढंच तर पाहिजे होतं.

ग्रुप चेक आणि हेल्प यांच्यात बरेच जण गोंधळतात. ग्रुप चेकमध्ये सगळ्यांनी रोल करायचा आणि निम्मे जमले की पूर्ण पार्टीला जमलं. डीसी १० असेल आणि चौघंही वजा १ असतील तर एकट्याची शक्यता ५० टक्के, ग्रुपची जवळपास ६९, म्हणजे फायदा झाला. पण डीसी १५ ठेवलात तर एकट्याची २५ आणि ग्रुपची २६, म्हणजे चौघांनी मिळून काहीच मिळवलं नाही, उलट सगळे मिळून हरल्याची भावना. त्याच डीसी १५ ला एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं हेल्प केली तर अ‍ॅडव्हान्टेजनं ४४ च्या जवळ जातो. त्यामुळं सोप्या गोष्टीला ग्रुप चेक, अवघड गोष्टीला हेल्प, एवढं लक्षात ठेवलं तरी बास. फक्त हेल्प करतो म्हणणाऱ्यानं काय मदत करतोय ते सांगितलं पाहिजे, नुसतं "मी पण आहे" चालणार नाही.

बॅकग्राउंड, म्हणजे कॅरेक्टर आधी काय करत होतं ते, ही अजून एक विसरलेली गोष्ट. २०१४ च्या नियमात प्रत्येक बॅकग्राउंडला एक फीचर आहे आणि त्यातल्या बऱ्याच फीचरांना रोल लागतच नाही. फोक हीरोला साधी माणसं आसरा देतात आणि लपवतात, सोल्जरची रँक त्याच्या जुन्या फौजेतली माणसं मानतात, अ‍ॅकोलाइटला त्याच्या देवाच्या देवळात आसरा आणि उपचार मिळतात, क्रिमिनलचा एक खात्रीचा ओळखीचा माणूस असतो. चार वजा १ वाल्यांची पार्टी असली तरी तिच्याकडं चार दारं आधीच उघडी आहेत, डीएमनं त्या दारामागं खोल्या बांधायच्या एवढंच. २०२४ च्या नव्या नियमावर खेळत असाल तर ही फीचरं तशी नाहीत, पण ती जुनी वापरायला तुम्हाला कोण अडवतंय.

आता टेबलावरच्या माणसांविषयी, कारण कधी कधी करिझ्मा कॅरेक्टरची नाही तर प्लेअरची अडलेली असते आणि दोन्ही प्रॉब्लेम एकमेकांत मिसळतात. इथं मला एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. रूलबुक इंग्रजीत आहे, व्हिडिओ इंग्रजीत बघितलेले असतात, म्हणून पहारेकरी आला की डीएम इंग्रजीत सुरू होतो आणि जो पोरगा रंकाळ्यावर भेळ खात दोन तास अखंड बोलतो तो इथं गप्प बसतो. त्याला वाटतं आता आपल्याला पुस्तकातल्यासारखं बोलायचंय. तुम्ही पहारेकऱ्याला सरळ आपल्यासारखा बोलू द्या. "काय पावणं, कुठनं आलासा? कुणाकडं जायचंय?" एवढं म्हटलं की समोरनं आपोआप येतं, "मामाकडं चाललोय की, लोहाराकडं." मग पहारेकरी म्हणतो, "कुठला लोहार, खालच्या आळीचा?" आणि बघता बघता चार वाक्यं झाली. आपल्याकडं अनोळखी माणसाशी बोलणं सुरूच होतं ते गाव कुठलं आणि कुणाचा कोण यावरनं, ते सगळ्या प्लेअरना लहानपणापासनं येतंय, शिकवायला लागत नाही. त्या गप्पात लोहार मामा खरा आहे की खोटा हे ठरवायला मग एक रोल घ्या, आता त्या रोलला अर्थ आहे.

आणि ज्याला तोंडानं बोलायचंच नाहीये त्याला बोलायला लावू नका. "माझा मंक त्याला सांगतो की आम्ही फक्त रात्रीपुरते थांबणार आणि पहाटे निघणार", हे तिसऱ्या माणसासारखं सांगणं पूर्ण वैध आहे. त्यात मजकूर आहे, अट आहे, मुदत आहे, डीएमला ठरवायला एवढं पुरे. नाटकी आवाज काढणाऱ्याला डीसी कमी आणि शांतपणे सांगणाऱ्याला जास्त, असं चुकून पण होऊ देऊ नका, शांत प्लेअर यानंच गेम सोडून जातात आणि जाताना काही सांगत पण नाहीत. सवलत द्यायची ती मुद्द्याला द्या.

रोल फसला तर काय? दार बंद, हे उत्तर सोडून दुसरं काहीही. किंमत वाढवा. आत सोडतो पण शस्त्रं चौकीत जमा, किंवा जकात दुप्पट, किंवा एक शिपाई बरोबर फिरणार, किंवा सकाळपर्यंत वेशीबाहेरच्या धर्मशाळेत थांबा. यातलं प्रत्येक उत्तर गेम पुढं नेतं. मात्र तोच माणूस तीच विनंती घेऊन लगेच परत रोल करणार नाही, हे आधीच सांगा. २०२४ च्या नियमात तर स्पष्टच आहे की त्याच पद्धतीनं परत गळ घालायला २४ तास थांबायला लागतं. नवीन काहीतरी आणलं, पुरावा आणला, भेट आणली, तर मात्र नवा रोल द्यायला हरकत नाही.

अजून एक जुना उपाय. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक सेटमध्ये अनोळखी प्राणी भेटला की दोन सहा बाजूंचे डाइस टाकून त्याची पहिली प्रतिक्रिया ठरवायचे. २ आला तर थेट हल्ला, १२ आला तर मैत्री, आणि ६ ते ८ म्हणजे अजून ठरलेलं नाही, ते ४४ टक्के वेळा येतं. बोलणाऱ्याच्या करिझ्मानं त्यात जास्तीत जास्त २ चा फरक पडायचा. मला ही पद्धत आवडते कारण समोरचा माणूस पार्टी येण्याआधीच कुठल्यातरी मूडमध्ये असतो, तो मूड पार्टीच्या शीटवर अवलंबून नसतो, आणि प्लेअरना पण बघायला मिळतं की सगळी माणसं आपल्या विरोधात नाहीत.

मोठ्या दरबारी सीनसाठी वकील पाठवा. जुन्या काळी राजे सहसा स्वतः उठून बोलणी करायला जात नव्हते, वकील जायचा. पार्टीनं गावातला एखादा म्हातारा कारकून पैसे देऊन घ्यावा, त्याची करिझ्मा चांगली असू दे. धोका एकच आहे, डीएम स्वतःच स्वतःशी बोलत बसतो आणि प्लेअर मोबाईल काढतात. म्हणून वकील निघायच्या आधी पार्टीनं त्याला तीन गोष्टी ठरवून द्यायच्या, काय द्यायला तयार आहोत, काय बोलायचं नाही, आणि कुठं थांबून परत यायचं. तो याच्या बाहेर जात नाही. मग निकाल आला की तो प्लेअरच्या डोक्यातनं आलेला असतो.

बोलण्याचा हेतू पण बदलून बघा. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा इथं सगळ्यांना माहिती आहे. सिद्दी जौहरकडं शरण येण्याची बोलणी लावली, वेढा ढिला पडला, आणि जुलैच्या पावसात रात्री शिवाजी महाराज विशाळगडाकडं निघाले, शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत बसून निघाले. त्या बोलण्यातनं सिद्दीचं मन वळवायचं नव्हतंच, वेळ काढायचा होता. तुमच्या पार्टीला पहारेकऱ्याला पटवणं जमत नसेल, पण त्याला पाच मिनिटं अडकवून ठेवणं जमेल, त्याचा डीसी कमी असतो, आणि तेवढ्यात रेंजर मागनं चढतो. एक जण बोलतोय, एक जण चढतोय, एक जण दोर धरतोय, सगळे कामाला लागले.

महत्त्वाची बातमी एकाच माणसाच्या तोंडात ठेवू नका, हे तर कुठल्याही पार्टीला लागू आहे. तीच गोष्ट एका माणसाकडं, एका जागेवर आणि एका कागदात ठेवा.

एवढं सगळं करून करिझ्मा ८ ला काही किंमतच उरणार नाही का, असं विचारणारे असतात, आणि प्रश्न बरोबर आहे. उरली पाहिजे. भर दरबारात खोटं बोलणं, चिडलेल्या जमावाला शांत करणं, अनोळखी शहरात पहिल्याच दिवशी उधारी मागणं, अशा ठिकाणी डीसी १५ किंवा २० च ठेवा आणि वजा १ लागू दे, तो प्लेअरनं स्वतः निवडलेला उणेपणा आहे आणि तो खेळायला त्याला पण आवडतं. कुणाला पुढं सुधारायचं असेल तर एका जणानं पर्सुएशनची प्रोफिशियन्सी घेतली, म्हणजे ते कौशल्य शिकून घेतलं, तरी वजा १ चा अधिक १ होतो, डीसी १५ ला ३५ टक्के. छान आहे, पण कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी पूर्ण गोष्ट, वाचवायला त्याची गरज नाही.

आणि जर हे सगळं केल्यावर पण एक प्लेअर दर वेळी कुऱ्हाडच काढत असेल तर तो करिझ्माचा प्रॉब्लेम नाही. त्याला सेशनच्या आधी चहाच्या टपरीवर बाजूला घ्या आणि सरळ विचारा, "भावा, तुला गावातले सीन बोअर होतात का?" हो म्हणाला तर गावातले सीन पंधरा मिनिटांत आटपायचे आणि त्यात त्याच्यासाठी एक काहील उचलायचं काम ठेवायचं. नाही म्हणाला तर कुऱ्हाड काढायच्या आधी त्याला सांगत जा की याच्यानंतर काय होईल, वेस बंद होईल, बक्षीस लागेल, लोहार शस्त्रं दुरुस्त करणार नाही, आणि मग विचारा, तरी काढतोस का. बहुतेक वेळा तो कुऱ्हाड परत पाठीला लावतो आणि शेजारच्याला म्हणतो, तू बोल की जरा.